मानाची घोंगडी

हे सगळं २०४१ सालच्या जानेवारीत झालं, सोलापुरात. आता मी शहाऐंशी वर्षांची आहे. काल रात्री काय जेवले ते विचारलं तर चाचपडते, पण ते साल पक्कं आहे. त्यानंतर आमची परिषद पुन्हा कधी तशी भरली नाही.

दक्षिण महाराष्ट्र संसर्ग नियंत्रण परिषद हे तिचं पूर्ण नाव. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी इथले डॉक्टर, साथरोग अधिकारी आणि माझ्यासारखे सूक्ष्मजीवशास्त्राचे मास्तर वर्षातून एकदा दोन दिवस एकत्र यायचे. मी पहिल्या अधिवेशनापासून जात होते. तेव्हा पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिका आम्ही हाताने लिहायचो आणि ऐन वेळी घामाने शाई फिसकटायची. एकदा कॉलऱ्यावर निबंध वाचून झाल्या झाल्या एक गृहस्थ बाहेरच्या गाडीवर बर्फाचा गोळा खाताना सापडले, तर त्यांना पुढची दहा वर्षं सगळे ‘गोळेसाहेब’ म्हणत. दुपारी शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही. मग जेवणानंतरच्या सत्रात पहिल्या रांगेपासून डुलक्या. परिषदेच्या कापडी पिशव्या माझ्याकडे अजून आहेत. एकीत लसूण ठेवते.

या परिषदेचा एक मान होता. शाल-श्रीफळ आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे घोंगडी होती.

परिषद सुरू करणारे डॉ. दत्तोपंत गुळवे बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर गॅस्ट्रोचे रुग्ण तपासत हिंडले, तेव्हा सांगोल्याच्या एका धनगर बाईने त्यांना ही काळी घोंगडी दिली होती. निवृत्त होताना त्यांनी ती पुढच्या अध्यक्षाच्या खांद्यावर टाकली आणि रीतच पडली. मावळत्याने नव्या अध्यक्षाला घोंगडी पांघरायची, वर्षभर त्याने ती सांभाळायची. एके वर्षी ती माझ्याही खांद्यावर आली. मेंढीचा, धुराचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास मला अजून येतो. विणलेल्या घोंगडीला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात. धुतली तर ती खळ जाते. म्हणून आमची घोंगडी कधी कुणी धुतली नाही. दिवसातून वीस वेळा हात धुणारी माणसं आम्ही, पण हे कधी कुणाच्या मनात आलं नाही.

धुतली नाही, तरी काळजी घेतली. ती कोल्हापूरला असताना एका पावसाळ्यात तिच्यावर बुरा आला. साध्या घरात तिला चार दिवस ऊन दाखवलं असतं. आम्ही तज्ज्ञ. आम्ही बुरशीनाशक औषधाचा फवारा आणला. भरपूर मारला तर खळ विरघळेल, म्हणून अगदी हलका, निम्म्या ताकदीचा. तेव्हापासून दरवर्षी मान देण्याआधी तो फवारा मारायचा, असं ठरून गेलं.

आता तळेकरांच्या घराबद्दल सांगते.

डॉ. यशवंतराव तळेकर माझे सोलापुरातले जुने सहकारी. २०३२ साली ते अध्यक्ष झाले. महिन्याभरात त्यांच्या पत्नीचं, वत्सलावहिनींचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं. पण अतिदक्षता विभागात त्यांच्या रक्तात एक बुरशी शिरली. तिचं लॅटिन नाव लांबलचक आहे. वॉर्डातली पोरं तिला ‘चिवट’ म्हणायची. चिवट धडधाकट माणसाच्या कातडीवर वर्षानुवर्षं काही न करता बसते, कपड्यावर, कॉटच्या दांडीवर जिवंत राहते, आणि अशक्त माणूस सापडला की आत शिरते. नेहमीची औषधं तिला लागू पडत नाहीत. वहिनी तीन आठवड्यांत गेल्या.

त्यांची दोन मुलं. थोरला पराग आखातातल्या एका मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागाचा डॉक्टर होता. आईचं ऑपरेशन कळताच निघाला आणि विमानतळावरून बॅग घेऊन सरळ तिच्या कॉटपाशी आला. धाकटी निलांबरी पुण्यात जनुकशास्त्रात काम करत होती. चिवट बाहेरच्या देशांतून येते असं आम्ही सगळे तेव्हा शिकवत होतो. मातीहून परतताना, चपलाही काढल्या नव्हत्या, निलांबरी भावाला म्हणाली, “तूच आणलीस. बॅगेतून आईसाठी ही आणलीस.” परागलाही तसंच वाटत होतं. तो आखातात परत गेलाच नाही. नागपुरात एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायला बसला. त्याने पुन्हा कधी रुग्णाला हात लावला नाही.

निलांबरीने पुढची नऊ वर्षं एकाच यंत्रावर घालवली. त्या यंत्राला तिने ‘वंशवेध’ नाव दिलं.

ते काय करतं, हे माझ्यासारख्या मास्तरणीला समजणं सोपं आहे. पेपर तपासताना तीन पोरांच्या उत्तरात एकच विचित्र चूक दिसली की कळतं, यांनी एकमेकांचं बघून लिहिलंय. आणि तिसऱ्याच्या पेपरात तीच चूक अधिक आणखी एक नवी चूक असेल, तर कुणी कुणाचं बघितलं तेही कळतं. जंतूही स्वतःची नक्कल करताना अधूनमधून चुका करतात. त्या चुका पुढच्या पिढ्यांत तशाच उतरतात आणि त्यांत भर पडत जाते. चुका जुळवत गेलं की जंतूची वंशावळ मिळते. पूर्वी त्यासाठी जिवंत जंतू लागायचे. वंशवेधला मेलेल्या जंतूंचे कापडात अडकलेले तुकडे पुरतात, आणि ते तुकडे कुठल्या वर्षातले हेही ते बरंच नेमकं सांगतं.

त्या वर्षीच्या परिषदेत हे यंत्र दाखवायचं ठरलं. निलांबरीनेच सुचवलं की नमुना म्हणून मानाच्या घोंगडीचे चार धागे घेऊ. इतक्या अध्यक्षांच्या खांद्यांवरून गेलेलं कापड. प्रत्येक गावचे सूक्ष्मजीव त्यात सापडतील, म्हाताऱ्यांना गंमत वाटेल. तुलनेला म्हणून तिने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या इस्पितळांनी गोठवून ठेवलेले चिवटचे नमुने घेतले. त्यात तिच्या आईचाही होता.

परिषदेच्या आदल्या दुपारी ती माझ्या घरी आली.

“मावशी, चहा नको. आधी हे बघा.”

“चहा नको म्हणणारी तळेकरांची पोर मी पहिल्यांदा बघतेय.”

ती हसली नाही. तिने टेबलावर वंशावळ पसरली. खोड घोंगडीत होतं. तिथून अकरा फांद्या अकरा इस्पितळांत गेल्या होत्या. मी फांद्यांवरची गावं आणि सालं वाचली. मिरज, सातारा, चिपळूण... ज्या वर्षी ज्या गावचा अध्यक्ष, त्या वर्षी त्या गावात चिवट.

“फवारा,” मी म्हटलं.

“हो. निम्म्या ताकदीचा. मरण्याइतका नाही, शिकण्याइतका. खायला चिंचोक्याची खळ आणि माणसांच्या अंगाचं तेल. आपण तिला पाळली, मावशी. दरवर्षी थोडं थोडं औषध पाजून दणकट केली, आणि सत्कार करून गावोगाव पाठवली.”

सोलापूरच्या फांदीवर २०३२ लिहिलं होतं.

“म्हणजे परागने बाहेरून आणली नाही,” मी म्हटलं. “सुटला गं पोरगा!”

“कसला सुटला?” तिचा आवाज चढला. “आखातातली नाही, एवढंच. घोंगडी बाबांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात होती. पराग आला त्या दुपारी त्याच केबिनमध्ये झोपला होता. लहानपणी बाबांबरोबर परिषदेला यायचा तेव्हापासून त्याला ती घोंगडी बघितली की अंगावर घ्यायची असायची. घेतली असणार, आणि तसाच आईजवळ जाऊन बसला.”

“असणार म्हणजे? बघितलं कुणी?”

“मग दुसरं कोण? बाबांना विचारलं, घोंगडी कधी कपाटाबाहेर आली होती का. म्हणाले, आठवत नाही.”

नऊ वर्षं खपून तिने असं यंत्र केलं होतं की ज्याला जंतूच्या दहा पिढ्या कळत. घोंगडी कपाटातून कॉटपर्यंत कुणी नेली, ते मात्र यंत्राला कळत नव्हतं. आणि ती रिकामी जागा निलूने जुन्याच रागाने भरून टाकली होती. मला दुसरंच खटकलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या रुग्णाच्या थुंकीत काय सापडलं ते यशवंतराव झोपेतून उठवलं तरी सांगत. त्यांना आठवत नाही?

दुसऱ्या दिवशी विजापूर रस्त्यावरच्या हॉटेलात परिषद सुरू झाली. सकाळच्या चहाच्या वेळी यशवंतराव हिरवळीच्या कडेला एकटे उभे होते. ब्याऐंशीचे, पण टाय नीट बांधलेला.

“निलूने तुम्हाला काल एक विचारलं,” मी म्हटलं. “खरंच आठवत नाही?”

“शैलाबाई, या चहात साखर कुणी घातली हो? सांगितलं होतं, बिनसाखरेचा.”

“यशवंतराव.”

त्यांनी कप बशीत ठेवला. 

“वत्सला कुडकुडत होती,” ते म्हणाले. “त्या आयसीयूत एसी म्हणजे काय विचारू नका. दोन पांघरुणं दिली होती त्यांनी, कागदासारखी. ती म्हणाली, ‘तुमची ती घोंगडी आणा की. मान तुम्हाला आणि ऊब कपाटाला होय?’ अशी बोलायची ती, तुम्हाला माहितेय. आणली. दारात सिस्टरने अडवलं, बाहेरचं कापड आत चालत नाही म्हणून. मी तिला म्हणालो, ‘मी कोण आहे माहीत आहे ना? संसर्ग नियंत्रण परिषदेचा अध्यक्ष.’” ते हसायला गेले आणि नुसता श्वास बाहेर पडला. “दोन रात्री तिच्या पायांवर घातली. सकाळच्या राऊंडच्या आधी काढून न्यायचो. म्हणजे चालत नाही हे मला कळत होतं. पहिल्या रात्री ती म्हणाली, ‘आता कुठे ऊब आली.’ आणि झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी पराग आला.”

“आणि तुम्ही त्याला नऊ वर्षं...”

“नाही हो! आईशपथ नाही. मलाही तोच वाटत होता. घोंगडीचं कधी मनातच आलं नाही. काल निलूने तो कागद दाखवला तेव्हा कळलं.”

“मग कालच का नाही सांगितलंत?”

“एक पोर गेलं ते गेलं, शैलाबाई. ही एकच उरलीय. रोज रात्री जेवलात का म्हणून फोन करते. तिला सांगू, की तुझ्या आईला मी...?” त्यांनी टायची गाठ सारखी केली. “परागला आता सवय झाली असेल.”

“अशी सवय होते का हो?” मी विचारलं.

 घंटा झाली. दुसऱ्या सत्राची अध्यक्ष मी होते, मला जावं लागलं.

सभागृह भरलेलं होतं. समोरच्या मेजावर घोंगडी नीट घडी घालून ठेवली होती. संध्याकाळी ती चिपळूणच्या डॉ. इनामदारांना मिळायची होती. निलांबरीने सुरुवात केली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “घोंगडीची वंशावळ? मेंढीच्या बाजूने की गुळव्यांच्या?” सगळे हसले. तिनेही हसू दिलं.

मग पडद्यावर झाड आलं. पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मग एकेक माणूस आपल्या गावची फांदी शोधायला लागला, आणि शोधून झालं की खुर्चीत मागे टेकायला लागला. आपापल्या वॉर्डातले कोण कोण गेले ते प्रत्येकाला आठवत असणार. साताऱ्याच्या डॉ. शिंत्र्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पुन्हा घातला नाही.  

“अर्धवट औषध देऊ नका, असं आपण प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय,” निलांबरी म्हणाली. “घोंगडीला आपण दरवर्षी अर्धवट औषध दिलं.” तिने पुढची पाटी लावली. “शेवटची फांदी. सोलापूर, २०३२. महिला, वय सहासष्ट. या रुग्णाचा घोंगडीशी थेट संबंध आलेला नाही. एका नातेवाइकामार्फत, असा अंदाज आहे.”

पडद्यावरही तसंच लिहिलं होतं: नातेवाइकामार्फत.

यशवंतराव उठले. मधल्या वाटेने माईकपाशी यायला त्यांना बराच वेळ लागला. आमच्या परिषदेत प्रश्न विचारणाऱ्याने आधी नाव आणि संस्था सांगायची असते. चाळीस वर्षांत त्यांनी हा नियम कधी मोडला नव्हता.

“डॉ. यशवंत तळेकर,” ते म्हणाले. “संस्था... कुठलीही नाही. माझा प्रश्न नाही, एक दुरुस्ती आहे. त्या रुग्णाच्या पायांवर ही घोंगडी दोन रात्री होती. तिच्या नवऱ्याने घातली होती. सिस्टरने अडवलं असताना घातली. मुलाने या घोंगडीला हात लावल्याचं मला माहीत नाही. तो आला तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एवढंच.”

ते माईकपाशीच उभे राहिले. परत जाऊन बसायचं असतं हे बहुधा ते विसरले.

निलांबरी पडद्याकडे बघत होती, बापाकडे नाही. माझ्यासमोर वेळ संपल्याचा तांबडा दिवा लागला होता. घंटा वाजवायला हवी होती. मी वाजवली नाही.

“निरीक्षणाबद्दल आभारी आहे, सर,” ती म्हणाली. “त्याप्रमाणे दुरुस्ती करते.”

आणि आम्हा सगळ्यांदेखत तिने ‘नातेवाइकामार्फत’ हा शब्द एकेक अक्षर करत पुसला आणि त्या जागी लिहिलं: थेट.

“पुढचा प्रश्न?”



संध्याकाळी मान दिला गेला नाही. इनामदार दुपारीच न जेवता निघून गेले. घोंगडी संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घालायची होती आणि ते काम यशवंतरावांनी मागून घेतलं. त्यांनी हातमोजे न घालताच घडीला हात घातला. मी म्हटलं, “मोजे.” त्यांनी मुकाट्याने घातले. पिशवी इस्पितळाच्या कचरा जाळायच्या भट्टीत गेली. लोकरीचा जळका वास दूर उभं राहूनही येत होता, आणि त्यात कुठेतरी चिंचोक्याचाही.

पुढे कोणाचं काय झालं ते सांगून संपवते.

परिषद आता पडद्यावर भरते. आपापल्या घरी बसून लोक बोलतात, टाळ्यांचं चित्र येतं, भाकरी ज्याची त्याने करून खायची. अकरा इस्पितळांपैकी दोघांनी मेलेल्यांच्या घरी जाऊन खरं सांगितलं, त्यात एक साताऱ्याचे शिंत्रे. बाकीच्यांनी वंशावळ हा केवळ अंदाज आहे असं पत्रक काढलं. इनामदार निवृत्त झाले.

वंशवेध मात्र घराघरात गेला. आता तो औषधाच्या दुकानात मिळतो. नातवाला खोकला झाला की त्याच्या रुमालाचा कोपरा पाठवायचा, तिसऱ्या दिवशी कुणामुळे ते कळतं. माझ्याच इमारतीतल्या एका सुनेने सासूवर दावा लावलाय. बारशाला आता लोक बोलावत नाहीत, आणि बोलावलं तर जात नाहीत. साथी कमी झाल्या, हे खोटं नाही. आकडे मी बघते. दारावरची बेल वाजणंही कमी झालंय.

यशवंतराव २०४३ साली गेले. शेवटचे चार महिने निलांबरी पुण्याहून येऊन त्यांच्याजवळ राहिली. औषधपाणी, अंथरूण, सगळं तिने केलं. पण मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तिच्या हातांत हातमोजे होते. त्यांना संसर्ग कसलाच नव्हता. वय झालं होतं. ते तिच्या हातांकडे बघायचे आणि मग खिडकीकडे. परिषदेच्या दुसऱ्या दिवशीच तिने परागला लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. ती अजून पुण्यात आहे, यंत्र सुधारते आहे. मला वाढदिवसाला फोन करते.

पराग वडिलांच्या मातीला आला नाही. तेराव्यानंतर कधीतरी दुपारी त्याचा मला फोन आला. नागपुरात ऊन फार आहे, गुडघे कसे आहेत, असं काहीबाही बोलला. मग म्हणाला, “मावशी, निलूच्या पत्रात लिहिलं होतं. बाबांनी घोंगडी घातली, तेव्हा आई काही म्हणाली होती का?”

यशवंतरावांनी हिरवळीवर सांगितलं होतं तसं मी सांगितलं. “म्हणाली, आता कुठे ऊब आली. आणि झोपली.”

त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी सांगितलं.

“मी आलो ना त्या सकाळी,” तो म्हणाला, “पहिल्यांदा तिच्या पायांना हात लावला होता. गरम लागले. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो ऑपरेशनचा ताप होता.”